रकाने पाडणारी जमात

नवी गोष्ट समोर आली की काही माणसे वहीत खाली एक ओळ वाढवतात. काही माणसे पट्टी घेऊन शेजारी नवा रकाना पाडतात. ह्या दुसऱ्या जमातीशी माझा उभा दावा आहे. (रकाना उभाच असतो, तेव्हा दावाही उभा!)

आमच्या सौ.ची इस्त्रीवाल्याची वही बघा. तारीख, कपडा, नग, पैसे. चार रकाने, वर्षानुवर्षे तेच. शेजारच्या वहिनींनी हौसेने शर्ट, पँट, साडी, चादर असे अकरा रकाने आखले. पुढे नातवाचे झबले आले. त्याला रकाना कुठला? ते चादरीखाली लिहिले गेले आणि पैसेही चादरीचेच लागले.

घरात हे खपते. बँकेत खपत नाही हो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्याला एकाऐवजी चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही सांगता येते. बेरीज शंभर झाली पाहिजे, बस्स. कायदा चांगला आहे. दोन मुलींच्या आईला आता एकीलाच निवडायची पाळी नाही. पण संगणकावर तक्ता आखायला रकानेवाला बसला की तो काय करतो? नाव १, नाते १, जन्मतारीख १, टक्के १, असे करत चारपर्यंत. झाले सोळा रकाने!

आता आजींनी एकीला ६० आणि दुसरीला ४० दिले. डेटाबेसमध्ये रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, ‘ठाऊक नाही’. साठ अधिक चाळीस अधिक ठाऊक नाही अधिक ठाऊक नाही, ह्याचे उत्तर यंत्र देते: ठाऊक नाही. बी.कॉम.ला असले उत्तर लिहून मी आज बँकेत नसतो.

बरे, आजींनी पहिले नाव काढून टाकले, तर दुसरे पुढे सरकवायचे कुणी? उद्या काउंटरवरच्या घाईतल्या माणसाने नुसते ‘नाव १’ पाहिले, तर आजींच्या पश्चात ती पोरगी ‘नॉमिनीच नाही’ असे ऐकून वारसाच्या कागदांसाठी कचेऱ्या झिजवणार.

अहो, नॉमिनींचा तक्ता वेगळा ठेवा! खाते क्रमांक, नाव, नाते, जन्मतारीख, टक्के. माणूस वाढला, ओळ वाढली. सरकारने चाराचे सहा केले तरी तक्त्याला पत्ता लागत नाही. एडगर कॉड ह्यांनी १९७० सालीच हे सांगून ठेवले आहे, आणि उदाहरणही किती संसारी! नोकरदाराच्या नोंदीतली मुले उचलून वेगळ्या तक्त्यात ठेवा. कुणाला किती पोरे व्हावीत हे रकान्यांनी का ठरवावे?

“पण साहेबांना बारा महिने आडवे, एका नजरेत लागतात,” असे रकानेवाले म्हणतात. लागोत की. छापताना मांडा आडवे. पंगत आडवी बसते म्हणून कोठीतला तांदूळ कुणी पानांवर वाढून ठेवतो का?

उलट टोकाचे वीरही मी पाहिले आहेत. ते सगळेच ओळींत कोंबतात. एकाच रकान्यात जन्मतारीख, तिच्याखाली पॅन क्रमांक, त्याखाली टोपणनाव. तिथे ३१ फेब्रुवारीला जन्मलात तरी कुणी हटकत नाही. खाते उघडल्याची तारीख एकच असते. तिला मानाने स्वतःचा रकाना द्यावा.

हे सारे मी वरच्या कचेरीला कळवायचे ठरवले. त्यांनी अभिप्रायासाठी तक्ता पाठवलाच आहे. त्यात ‘शेरा १’ ते ‘शेरा ७’ असे रकाने आहेत, आणि साती आमच्या शाखेतल्या इतरांनी भरून टाकले आहेत.