सर्दीच्या गोळीतलं 'नाक मोकळं करणारं' औषध खरंच काम करतं का? दोन प्राध्यापकांनी लावून धरलेल्या प्रश्नाची गोष्ट

नाक चोंदलंय, डोकं जड झालंय, रात्री झोप लागत नाही. अशा वेळी आपण काय करतो? कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो आणि "सर्दीची गोळी द्या" म्हणतो. दुकानदार एक स्ट्रिप पुढे करतो. त्यात नेमकं काय आहे, हे फारसं कोणी वाचत नाही.

वाचलं तर बहुतेक वेळा तीन-चार नावं दिसतात. ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, शिंका आणि वाहत्या नाकासाठी क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन, काही गोळ्यांमध्ये कॅफिन आणि चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी फिनाइलेफ्रिन.

यातल्या शेवटच्या नावावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या सल्लागार समितीने १६ विरुद्ध ० मतांनी सांगितलं, की तोंडावाटे घेतलेलं फिनाइलेफ्रिन नेहमीच्या डोसमध्ये नाक मोकळं करत असल्याचा पुरावा नाही. पाठोपाठ नोव्हेंबर २०२४ मध्ये हा घटक विनाचिठ्ठीच्या औषधांमधून काढून टाकण्याचा प्रस्ताव एफडीएने मांडला.

या निर्णयाची सुरुवात मात्र एका विद्यापीठाच्या फार्मसी कॉलेजात झाली होती, तीही २००६ मध्ये. प्रश्न विचारल्यापासून प्रस्ताव येईपर्यंत जवळपास १८ वर्षं गेली.

फिनाइलेफ्रिन आलं कुठून?

सर्दी झाली की नाकाच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या सुजतात, जागा कमी होते आणि नाक बंद होतं. या रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की श्वास मोकळा होतो. ते काम करणाऱ्या औषधांना 'डीकंजेस्टंट' म्हणतात.

अमेरिकेत या कामासाठी स्यूडोएफेड्रिन नावाचं औषध सर्रास वापरलं जायचं आणि त्याचा गुणही यायचा. अडचण वेगळीच होती. याच गोळ्यांपासून मेथॅम्फेटामिन हा घातक अमली पदार्थ बेकायदा बनवला जात होता. तो रोखण्यासाठी अमेरिकेने कायदा केला आणि २००६ पासून स्यूडोएफेड्रिन काउंटरच्या मागे गेलं. विनाचिठ्ठी मिळत राहिलं, पण ओळखपत्र दाखवायचं, नोंदवहीत सही करायची आणि ठरावीक प्रमाणातच घ्यायचं, अशी अट आली.

ग्राहकाला हा त्रास नको म्हणून कंपन्यांनी दुसरा मार्ग काढला. शेल्फवर खुलेआम ठेवता येईल असा पर्याय म्हणून त्यांनी फिनाइलेफ्रिन पुढे आणलं. अनेक जुन्या ब्रँडचं नाव तेच राहिलं, आतला घटक बदलला.

फार्मसी कॉलेजने काय शोधलं?

गेन्सव्हिल शहरातल्या युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडाच्या फार्मसी कॉलेजातले प्राध्यापक लेस्ली हेंडेलेस आणि रँडी हॅटन यांना प्रश्न पडला: ज्या औषधाच्या जागी हे आणलंय, त्याच्याइतकं हे काम करतं का? २००६ मध्ये त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात ही शंका जाहीरपणे मांडली.

मग ते जुन्या कागदपत्रांकडे वळले. फिनाइलेफ्रिन परिणामकारक असल्याचा निर्वाळा अमेरिकेत १९७६ मध्ये एका तज्ज्ञ समितीने दिला होता. त्या समितीसमोर ठेवलेले बरेचसे अभ्यास कंपन्यांनी केलेले आणि कधीच प्रसिद्ध न झालेले होते. अभ्यास लहान होते आणि निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. काहींमध्ये औषधाचा फायदा दिसला, काहींमध्ये नाही.

हेंडेलेस, हॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकडेवारीचं एकत्रित विश्लेषण केलं आणि ते २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. १० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या डोसचे ८ अप्रकाशित अभ्यास आणि १३८ रुग्ण त्यात होते. निष्कर्ष असा, की नाकातून हवा जाताना होणारा अडथळा या डोसने औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, म्हणजे प्लासिबोपेक्षा, ठोसपणे कमी होत नाही.

पोटात गेल्यावर औषध जातं कुठे?

फिनाइलेफ्रिन हे मुळात निकामी औषध नाही. नाकात स्प्रे मारला तर ते काम करतं. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब फार खाली गेला तर भूलतज्ज्ञ ते शिरेतून देतात. डोळे तपासताना बाहुली मोठी करण्यासाठी त्याचे थेंब वापरतात.

अडचण गोळीची आहे. गिळलेली गोळी पोटातून आतड्यात जाते. आतड्याच्या भिंतीत आणि पुढे यकृतात शरीर या औषधाची मोडतोड करून टाकतं. पूर्वी असा समज होता, की सुमारे ३८ टक्के औषध रक्तात पोहोचतं. नव्या तपासण्यांनुसार काम करू शकेल अशा स्वरूपात रक्तात पोहोचणारं प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे. नाकापर्यंत औषध पोहोचतच नसेल तर नाक मोकळं होणार कसं?

मग इतकी वर्षं का लागली?

२००७ मध्ये या प्राध्यापकांनी एफडीएकडे 'सिटिझन पिटिशन' दाखल केलं. कोणत्याही नागरिकाला सरकारी यंत्रणेकडे अशी रीतसर मागणी करता येते. मोठ्या माणसांसाठीचा डोस वाढवावा आणि १२ वर्षांखालच्या मुलांसाठीची मान्यता काढावी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सल्लागार समिती बसली. समितीचं मत पडलं, की औषध काम करत असावं असं सुचवणारा पुरावा आहे, पण आणखी अभ्यास हवेत.

ते अभ्यास पुढे झाले आणि त्यांचा खर्च उद्योगानेच केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲलर्जीने नाक चोंदलेले ५३९ प्रौढ होते. त्यांना १०, २०, ३० किंवा ४० मिलिग्रॅम डोस देऊन पाहिला. म्हणजे नेहमीच्या चौपटीपर्यंत. तरीही कोणत्याच डोसचा फायदा प्लासिबोहून जास्त दिसला नाही.

आता डोस वाढवण्याच्या मागणीला अर्थ उरला नव्हता. त्याच वर्षी प्राध्यापकांनी दुसरं पिटिशन दाखल केलं आणि हा घटक मान्य यादीतूनच काढा, अशी मागणी केली. त्यावर समितीचा कौल यायला २०२३ उजाडलं.

उशिराचं एक कारण व्यवस्थेतच आहे. अमेरिकेत विनाचिठ्ठीच्या जुन्या औषधांची एक मान्य यादी असते. घटक यादीत असेल तर कंपनीला प्रत्येक उत्पादनासाठी परिणामकारकता नव्याने सिद्ध करावी लागत नाही. यादीत एकदा बसलेला घटक बाहेर काढण्याची प्रक्रिया अनेक दशकं अतिशय किचकट होती. २०२० मध्ये कायदा बदलल्यावर ती थोडी सोपी झाली.

दुसरं कारण पैशाचं. २०२२ या एका वर्षात अमेरिकेत फिनाइलेफ्रिन असलेल्या औषधांची सुमारे २४ कोटी पाकिटं आणि बाटल्या खपल्या. विक्री होती सुमारे १७६ कोटी डॉलरची. शिवाय औषध धोकादायक नव्हतं, फक्त उपयोगाचं नव्हतं. जीव जात नसला की घाईही होत नाही.

नोव्हेंबर २०२४ च्या प्रस्तावाचा अर्थ काय?

प्रस्ताव म्हणजे बंदी नव्हे. अंतिम आदेश निघेपर्यंत कंपन्या ही औषधं विकू शकतात. नाकात मारायच्या स्प्रेला हा प्रस्ताव लागू नाही. आक्षेप परिणामकारकतेवर आहे, सुरक्षिततेवर नाही, हेही एफडीएने स्पष्ट केलं आहे. समितीच्या कौलानंतर अमेरिकेतल्या सीव्हीएस या मोठ्या औषध दुकानसाखळीने मात्र वाट न पाहता, फक्त फिनाइलेफ्रिन असलेली काही उत्पादनं स्वतःहून शेल्फवरून हटवली.

"पण मला तर गोळीने बरं वाटतं!"

वाटतं, आणि ते खोटं नाही. गोळीतलं पॅरासिटामॉल ताप आणि अंगदुखी उतरवतं. क्लोरफेनिरामिनने नाक वाहायचं कमी होतं आणि झोपही लागते. शिवाय साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपली आपण बरी होते. गोळी घेतल्याचा मानसिक दिलासाही असतो. या सगळ्याचं श्रेय नकळत फिनाइलेफ्रिनला मिळत राहिलं. म्हणून तर प्लासिबोशी तुलना करावी लागते. "मला गुण आला" एवढ्यावरून कोणत्या घटकाने गुण आला, हे कळत नाही.

भारतात काय?

अमेरिकेचा निर्णय भारतात आपोआप लागू होत नाही. इथे नव्या औषधांना मंजुरी देण्याचं काम केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना करते. महाराष्ट्रातलं एफडीए हे राज्याचं वेगळं प्रशासन आहे, त्याचा अमेरिकेच्या एफडीएशी संबंध नाही. मात्र ५ किंवा १० मिलिग्रॅम फिनाइलेफ्रिन असलेल्या मिश्र गोळ्या आणि सिरप आपल्याकडेही घरोघरी आहेत.

लहान मुलांबाबत भारतात स्वतंत्र इशारा आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसं लेबलवर छापावं, असे निर्देश औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले.

इथे एक गल्लत टाळायला हवी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमुळे वीसहून अधिक मुलं दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्या सिरपमध्येही फिनाइलेफ्रिन होतं, पण मुलांचा जीव घेतला तो डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी रसायनाने. तो भेसळीचा आणि गुणवत्ता तपासणीचा प्रश्न होता. तरीही दोन्ही गोष्टी एका जागी येऊन मिळतात: ज्या औषधाचा फायदाच शंकास्पद आहे, ते इतक्या लहान मुलांना द्यायचं कशासाठी?

मग तुम्ही काय करायचं?

एक, स्ट्रिपची मागची बाजू वाचा. ब्रँडच्या नावापेक्षा घटकांची नावं महत्त्वाची. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असताना तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर डोस दुप्पट होतो आणि जादा पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरतं.

दोन, रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर सर्दीची मिश्र गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

तीन, नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाइनचे थेंब हा साधा आणि सुरक्षित उपाय आहे. औषधी स्प्रे लगेच काम करतात, पण ते तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरले तर बंद केल्यावर नाक आणखी चोंदतं.

चार, लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून किंवा शेजाऱ्यांनी सांगितलेलं सिरप देऊ नका. बाळ दूध पीत नसेल, धाप लागली असेल किंवा ताप उतरत नसेल तर थेट डॉक्टरांकडे जा.

गेन्सव्हिलच्या प्राध्यापकांनी कोणतंही नवं औषध शोधलं नाही. १९७६ पासून कपाटात पडून असलेले कागद त्यांनी पुन्हा वाचले आणि उत्तर मिळेपर्यंत प्रश्न सोडला नाही. एखादं औषध ५० वर्षं विकलं जातंय, यावरून ते काम करतं हे सिद्ध होत नाही. ते कोणीतरी पुन्हा तपासावं लागतं, आणि आपण निदान स्ट्रिप उलटून पाहू शकतो.