तिसरा दट्ट्या

या सदराच्या वाचकांना एव्हाना ठाऊक झालेच आहे की, यंत्र या वस्तूशी माझे कधी पटले नाही. वर्गात मी मुलांना संधी सोडवायला शिकवतो. पण घरी लोणच्याच्या बरणीचे झाकण सोडवायला मला सौ.ला हाक मारावी लागते. अशा माणसाने इंजिनाच्या पोटातला दट्ट्या बदलल्याची हकीकत लिहावी, हा दिवाळी अंकातला विनोद समजलात तरी माझी हरकत नाही.

त्याचे असे झाले. आमची गाडी डिझेलवर चालणारी, टर्बो बसवलेली, चार सिलिंडरांची आणि आमच्याकडे आली तेव्हाच सेकंडहँड. तिच्या कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष कंपनीचा नव्हता, माझा होता. गेल्या मे महिन्यात आम्ही पनवेलहून उरणला एका लग्नाला निघालो होतो. जासईच्या अलीकडे इंजिनाने लंगडी घालायला सुरुवात केली. मागे असा धूर निघाला की, पाठचा कंटेनरवाला हात जोडून पुढे गेला. पनवेलहून एका मेकॅनिकला बोलावले. त्याने तेलाचे झाकण उघडले, तर आतून बंबासारखा धूर भसाभसा बाहेर आला. "साहेब, इंजिनच बदला," तो म्हणाला आणि जो आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता.

सौ. शांतपणे म्हणाली, "तुमचे आजोळ इथून पाच मिनिटांवर आहे."

होते खरे. पण त्या पाच मिनिटांच्या वाटेने मी चार वर्षांत गेलो नव्हतो. का, ते सांगतो. मामेभावाचा मुलगा दहावी झाला तेव्हा त्याला आय.टी.आय.ला घालायचे घाटत होते. मी घरातला शिकलेला म्हणून माझा सल्ला विचारला गेला. मी म्हणालो, "हातात पाना घेऊन काय होणार आहे? पोराला कॉलेजात घाला." पोरगा दारातच उभा होता. त्यांनी माझे ऐकले नाही, त्याला मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला घातले, आणि आम्ही दोन्ही बाजूंनी कामात फार गुंतून गेलो.

तोच पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला आणि दोर बांधून आमची गाडी मामांच्या अंगणात ओढून नेली.

आता जरा इंजिनाविषयी. टर्बो म्हणजे गाडीच्या धुरावर फिरणारा पंखा. वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबतो. हवा जास्त म्हणून इंधन जास्त, आणि म्हणून लहान इंजिनाला मोठे बळ. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले. हा दांडा भर वेगात मिनिटाला लाखावर फेरे घेतो. पण वाढलेल्या बळाचा मार खातो तो बिचारा पिस्टन. तो अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. सहाशे अंशांच्या आसपास वितळू लागणारा. त्याच्या डोक्यावर जळणारा वायू दोन हजार अंशांच्या घरातला. तरी तो वितळत नाही, कारण डोक्याची उष्णता रिंगांवाटे सिलिंडरच्या भिंतीत उतरते आणि खालून त्याच्या पोटावर तेलाची धार उडत असते. या व्यवस्थेत कुठे बिघाड झाला, किंवा आगीचा झोत एकाच जागी बसू लागला, की घात होतो.

पुतण्या दिवसा कंटेनर यार्डात ट्रेलरच्या दुरुस्तीला जाई आणि संध्याकाळी अंगणात हॅलोजन लावून आमच्या गाडीला हात घाली. मला त्याने एक काम दिले: निघालेला प्रत्येक बोल्ट जुन्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचायचा आणि बाजूला तो कुठला ते लिहायचे. आयुष्यात प्रथमच माझ्या अक्षराचा कुणाला उपयोग झाला.

पहिल्या संध्याकाळी बॅटरी सुटली, तेल आणि पाणी निघाले, टर्बोच्या नळ्या आणि इंजेक्टर बाहेर आले. दुसऱ्या संध्याकाळी हेड उतरले. मग खालचे तेलाचे चेंबर काढून, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या सोडून त्याने हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक पिस्टन वर ढकलला. कुठल्या रॉडची कुठली टोपी, यावर त्याने आधीच खुणा केल्या होत्या. ही जोडपी मोडायची नसतात. तिसरा पिस्टन हातात आला आणि आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. त्याच्या डोक्यावर एका कडेला तुरीच्या दाण्याएवढे भोक होते. कडा मेणबत्तीच्या ओघळासारख्या.

"हाच तो दट्ट्या!" मी म्हणालो.

"काका, दट्ट्या इंजेक्शनच्या सिरिंजला असतो. हा पिस्टन."

"शास्त्राच्या पुस्तकात दट्ट्याच म्हणतात," मी बजावले. तो हसला.

पिस्टन मिळत होते. आकाशात अवकाळीचे ढग होते आणि ताडपत्री एकच होती. मी म्हणालो, "मग नवे आणून बसवून टाक. पावसाच्या आत गाडी बंद करू."

"नाही काका. पिस्टन फुटला ही बातमी झाली. कारण अजून सापडायचे आहे. तसाच बसवला तर दिवाळीला नवाही फुटेल."

त्याने चारही इंजेक्टर पुसून खोक्यात ठेवले आणि डिझेल पंपवाल्याकडे तपासायला पाठवले. तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत तो स्वस्थ बसला नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर नख फिरवून पाहिले. नख अडले असते, तर ब्लॉक लेथवर नेऊन बोअर मोठे करावे लागले असते. ते अडले नाही. तरी गेज घालून त्याने वर, मध्ये, खाली मापे घेतली आणि वहीत लिहिली. फुटलेल्या पिस्टनचे कण धुराबरोबर टर्बोच्या पंख्यात जातात, म्हणून पाती तपासली, दांडा हलवून पाहिला. तेलाची जाळी धुतली. मी खुर्चीत बसून कुरकुरत होतो.

चौथ्या दिवशी निरोप आला. तीन इंजेक्टर धुक्यासारखा फवारा देत होते. तिसऱ्या सिलिंडरचा मात्र नळासारखा ठिबकत होता. तेच ठिबकणारे डिझेल पिस्टनच्या एका जागी जळत राहिले होते.

"काका, धूर कधीपासून होता?"

"गणपतीपासून," मी कबूल केले.

"मग दाखवली का नाही?"

"चालत होती म्हणून."

ओट्यावर मामा बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "तू चार वरसां आला नाय, ता पन चालतच होता ना?"

कुणीच काही बोलले नाही. मामी चहा घेऊन आली, तो गारच झाला.

मामांना बोलायचा अधिकार आहे. जासई हे दि. बा. पाटलांचे गाव. नव्या मुंबईसाठी इथली भातशेती आणि मिठागरे गेली, तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. मामा त्या गर्दीत होते. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले, २०२४ च्या जानेवारीत मुंबईहून अटल सेतू आला. भातखाचरांच्या जागी कंटेनर आले. ज्या घराचा नांगर गेला, त्या घराने नातवाच्या हाती पाना दिला, तर त्यात काय चुकले होते? हे मला ओट्यावर बसून कळले. चार वर्षांपूर्वी कळायला हवे होते. मी मामेभावाला तसे म्हणालो. तो म्हणाला, "सोड ना दादा. तो रेंच दे त्याला."

एक पिस्टन गेला तरी चारही नवे घालायचे असतात. वजनात फरक नको म्हणून ते चकलीची भाजणी मोजायच्या काट्यावर एकेक करून तोलले. पिस्टन आणि भिंत यांमधली फट केसाच्या जाडीहून कमी. प्रत्येक रिंग आधी नुसती सिलिंडरात ठेवून तिच्या दोन टोकांमधले अंतर पत्तीने मोजले. ते कमी राहिले तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि रिंग मोडते. टर्बोच्या इंजिनात उष्णता जास्त, म्हणून इथे हयगय नाही. तिन्ही रिंगांची तोंडे तीन दिशांना फिरवून ठेवायची, म्हणजे वायूला सरळ वाट सापडत नाही. हेडचे बोल्ट नवे. मधून सुरुवात करून बाहेर, जिलबी काढावी तसे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. दुरुस्त केलेला इंजेक्टर बसला. मग डिझेल बंद ठेवून इंजिन नुसतेच फिरवले, टर्बोपर्यंत तेल पोचू दिले आणि नवव्या संध्याकाळी किल्ली माझ्या हातात दिली.

इंजिन खोकले, थोडा निळा धूर सोडला आणि एका लयीत चालू लागले. "पहिले हजार किलोमीटर पळवायची नाही. मग तेल बदलायला इकडेच या," पुतण्याने बजावले. मामा म्हणाले, "तेल नसला तरी ये."

मी पाकीट काढले. त्याने ते परत माझ्या खिशात घातले आणि आपली वही पुढे केली. यार्डात नवीन लागलेल्या पोरांसाठी त्याने सगळी कृती क्रमवार लिहिली होती. "काका, शुद्धलेखन तेवढे तपासून द्या."

रात्री घरी लाल पेन घेऊन बसलो. वाक्ये लहान होती, एकही शब्द फुकट नव्हता. पहिल्या ओळीत 'आधी कारण शोधा' असे लिहून त्याने खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मी तीन वेलांट्या आणि एक उकार दुरुस्त केला. 'पिस्टन' हा शब्द चौदा ठिकाणी आला होता. तो होता तसाच राहू दिला.