गिरणगावच्या जमिनीचा हिशेब

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या पिढ्या वाढल्या, त्यांना त्याच परिसरात पाचशे चौरस फुटांचे मालकीचे घर मिळाले. त्याच्या आदल्याच महिन्यात बंद गिरण्यांचे वृद्ध कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले होते. ज्या मुंबईत आयुष्य झिजवले त्या मुंबईतच घर द्या, शेलू-वांगणीला धाडू नका, एवढीच त्यांची मागणी होती. दोन्ही घटना एकाच गिरणगावच्या इतिहासातल्या आणि पुष्कळ अंशी एकाच वर्गातील माणसांच्या आहेत. मग एका श्रमिकाला वरळीत घर आणि दुसऱ्याला पाऊणशे किलोमीटरांपलीकडचे गाव, हा भेद कशामुळे पडला?

या प्रश्नाचे उत्तर कोणा मंत्र्याच्या दयाबुद्धीत नाही. ते जमिनीच्या मालकीत आहे. वरळीच्या चाळींखालची जमीन सरकारची होती. म्हणून तिचे काय करायचे हे लोकांच्या दबावाखाली ठरवणे शक्य झाले. गिरण्यांच्या जमिनीवर गिरणीमालकांचा ताबा होता. म्हणून तेथे कामगारांच्या वाट्याला अर्ज, सोडत आणि प्रतीक्षा आली. शहराच्या जुन्या श्रमिक वस्त्यांच्या ‘विकासा’विषयी जी चर्चा होते, तिच्यात इमारतींची उंची आणि रस्त्यांची रुंदी यांचा विचार फार होतो, जमिनीच्या वाढलेल्या किमतीवर हक्क कोणाचा, हा मूळ प्रश्न मात्र बाजूला राहतो.

श्रमिकांनी वसवलेले शहर

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू केली. त्यानंतरच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, शिवडी, वरळी या भागांत गिरण्यांचे आणि चाळींचे जाळे पसरले. कोकणातून, घाटावरून आणि त्याही पलीकडून आलेल्या माणसांनी हा भाग वसवला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये येथेच कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० मध्ये आठवड्याची सुटी मिळवून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची अनेक वर्षे परळच्या चाळीत गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला रस्त्यावरचे बळ याच वस्तीने पुरवले. ओसाड जागेला मोल येते ते अशा माणसांच्या वास्तव्याने आणि श्रमाने.

या वस्तीच्या ‘सुधारणे’चा इतिहासही तितकाच जुना आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्त्यांसाठी गरिबांच्या दाट वस्त्या पाडल्या. पण ज्यांची घरे गेली त्या सर्वांना पुरतील इतकी घरे काही बांधली नाहीत. माणसे शेजारच्या चाळींत कोंबली गेली आणि तेथील दाटी वाढली. १९२० नंतर गव्हर्नर लॉईड यांच्या काळात विकास विभागाने, म्हणजेच बी. डी. डी.ने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. या योजनेला हातभार लागावा म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला होता. म्हणजे ज्या चाळींना आज मुंबईच्या मोक्याच्या जागा म्हटले जाते, त्यांच्या उभारणीत कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाड-खानदेश-मराठवाड्याचाही वाटा आहे. शहराची संपत्ती शहरातच निर्माण होते, हा समज किती अपुरा आहे हे यावरून दिसते.

एक तृतीयांशाचे काय झाले?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावत गेल्या. संपानंतर कापडापेक्षा जमीन अधिक नफा देते हे मालकांच्या ध्यानात आले. शहरात ५८ गिरण्या होत्या, त्यांपैकी २५ राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे होत्या आणि एकूण जमीन सुमारे ६०० एकर होती. इतकी सलग मोकळी होऊ शकणारी जमीन महानगराच्या मध्यभागी क्वचितच उपलब्ध होते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीची ढोबळमानाने तीन वाट्यांत विभागणी केली. एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, अशी ती योजना होती. पण नियमात एक फट राहिली. जुन्या शेडी न पाडता त्यांचाच वेगळा वापर केला, तर वाटणीचे बंधन सहज चुकवता येत होते. परिणामी जेथे माग चालत होते तेथे कचेऱ्या, दुकाने आणि करमणुकीची केंद्रे थाटली गेली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा सुचवला, तोही अंमलात आला नाही.

२००१ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. नियम कडक आहे म्हणून मालक पुढे येत नाहीत, असे कारण देण्यात आले. नव्या नियमानुसार वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली. याचा अर्थ साध्या अंकगणिताने पाहावा. समजा, एका गिरणीची जमीन बारा एकर आहे आणि नऊ एकरांवर शेडी आहेत. जुन्या नियमाने चार एकर महापालिकेला, चार म्हाडाला आणि चार मालकाला मिळाले असते. नव्या नियमाने वाटणी उरलेल्या तीन एकरांचीच. महापालिकेला एक, म्हाडाला एक आणि शेडींखालची जमीन धरून मालकाला दहा. एका शब्दाच्या फेरफाराने चाराचे दहा झाले. याच बदलात म्हाडाच्या वाट्यापैकी निम्मा भाग गिरणी कामगारांच्या घरांसाठी राखला गेला, हे खरे; परंतु आधी भाकरी लहान करायची आणि मग तिच्यातला निम्मा तुकडा देऊ करायचा, असा हा न्याय झाला.

या बदलाला न्यायालयात आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये संपूर्ण जमिनीच्या वाटणीच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून राज्य सरकारचा नियम उचलून धरला. त्याआधी, २००५ मध्येच, वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावाने विकल्या होत्या. त्यांतील एका गिरणीच्या सुमारे सतरा एकरांना ७०२ कोटी रुपये मिळाले. खासगी मालकाला नफ्याचा मोह झाला हे समजू शकते. पण राष्ट्रीयीकरणाने लोकांच्या मालकीची झालेली जमीन सरकारनेच सर्वाधिक बोली लावणाऱ्याला विकावी, ही गोष्ट अधिक गंभीर आहे.

विकासाची किंमत कोणी मोजली?

या धोरणाचे समर्थक सांगतात, की गिरण्या तोट्यात होत्या, जमीन पडून होती आणि नव्या इमारतींनी रोजगार आणला. यातील पहिला भाग पूर्णतः नाकारण्याचे कारण नाही. जुन्या यंत्रांच्या गिरण्या जशाच्या तशा चालल्या असत्या असा दावा कोणी करू नये. जमीन विकून कामगारांची देणी भागवली गेली, हेही काही ठिकाणी घडले. परंतु गिरणी बंद होणे आणि गिरणीची जमीन मालकाच्या पदरात पडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली उद्योगाची अपरिहार्यता असू शकेल. दुसरी निव्वळ राजकीय निवड होती. रोजगाराचे म्हणावे तर ज्या घरातल्या माणसाला गिरणीत कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि संघटना होती, त्या घरातील मुलाला त्याच आवारात कंत्राटदाराच्या हाताखाली पहारेकऱ्याचे किंवा सफाईचे काम मिळाले, असे चित्र गिरणगावात सर्रास दिसते.

मोकळ्या जागा हातच्या गेल्याची किंमतही श्रमिकांनीच मोजली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, हजारो माणसे रोज तेथे येऊ लागली, पण स्थानके आणि पूल जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा बळी गेला. नियोजनाऐवजी बाजारभावाने शहर घडवले, की काय होते याचे हे दाखले आहेत.

घरांचे काय झाले? १९८९ मध्ये दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली. मोर्चे, उपोषणे यांच्या चिवट लढ्यानंतर जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली. नंतर आणखी काही सोडती झाल्या. परंतु दीड लाखाच्या घरात अर्जदार असताना २०२० पर्यंतच्या सोडतींतील घरांनी वीस हजारांचाही टप्पा गाठला नाही. मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने उरलेल्यांसाठी खासगी विकासकांमार्फत शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ केली. मुंबईतली जमीन गेली; म्हणून कामगारालाही मुंबईबाहेर जावे लागणार, अशी ही तर्कसंगती आहे.

वाढीव मूल्यावर हक्क समाजाचा

जॉन स्टुअर्ट मिल यांनी एकोणिसाव्या शतकातच जमिनीच्या ‘अनर्जित वाढी’चा सिद्धान्त मांडला होता. जमिनीचा भाव वाढतो तो जमीनमालकाच्या कष्टाने वाढत नाही. लोकवस्ती, रेल्वे, रस्ते, पाणी आणि व्यापार यांच्यामुळे वाढतो. म्हणून ती वाढ समाजाकडे परत गेली पाहिजे. मिल समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते नव्हते, तरी हे त्यांना स्पष्ट दिसले होते. मुंबईत बी. डी. डी. चाळी उभ्या राहत होत्या त्याच दशकात व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने श्रीमंतांवर चढता गृहकर बसवून त्या पैशातून साठ हजारांहून अधिक कामगार-घरे बांधली. ती विकली नाहीत, भाड्याने दिली. शंभर वर्षांनंतरही त्या नगरपालिकेकडे दोन लाखांहून अधिक घरे आहेत आणि शहराच्या मध्यभागी सामान्य माणूस राहू शकतो. आपल्याकडे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा याच दिशेचे एक पाऊल होते. सवलतींची भोके पाडून तो आधी निकामी केला गेला आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने तो रद्दच केला.

या दृष्टीने वरळीच्या प्रकल्पाकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. जमीन सार्वजनिक असली, की मूळ रहिवाशाला त्याच जागी घर देता येते, हे त्याने सिद्ध केले. पण त्याचा खर्च भागवण्यासाठी तेथील जमिनीच्या एका भागावर विक्रीसाठी महागड्या इमारती उभारायच्या आहेत. शिवाय उंच इमारतीतील उद्वाहक, पाणी आणि देखभाल यांचा खर्च अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला पुढे पेलला नाही, तर मालकीचे घर विकून तेच कुटुंब वीस वर्षांनी वांगणीला जाईल. मग घर मिळाले, पण वस्ती गेली, असे होईल.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. अंबड तालुक्यातील अंकुशनगर ही वसाहत समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती उभी राहिली. तेथील दुकानदारापासून ऊसतोड मजुरापर्यंत सर्वांचे जीवन कारखान्याच्या धुराड्याशी बांधलेले आहे. राज्यात गेल्या काही दशकांत अनेक सहकारी कारखाने कर्जबाजारी होऊन विकले गेले. अशा विक्रीत यंत्रांइतकीच जमीनही जाते. आणि ती जमीन शेतकऱ्यांनी आपल्या भागभांडवलातून उभी केलेली असते. गिरणगावात जे कामगारांचे झाले, ते गावोगावच्या सभासदांचे आणि कामगारांचे होऊ नये, असे वाटत असेल तर जमिनीचा प्रश्न कारखाना चालू असतानाच विचारला पाहिजे. गिरणगावचा सर्वांत मोठा धडा हाच आहे. तेथे लढा दीर्घकाळ वेतन आणि बोनस यांभोवती फिरला. जमिनीची मागणी पुढे आली तोवर भोंगे बंद पडले होते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी तीन मागण्या सातत्याने लावून धरल्या पाहिजेत. एक, सरकार, महापालिका, बंदरे, रेल्वे आणि सार्वजनिक महामंडळे यांची शहरी जमीन विकू नये. द्यायचीच तर मुदतीच्या भाडेपट्ट्याने, आणि प्रथम घरांसाठी द्यावी. दोन, जुन्या वस्तीच्या पुनर्बांधणीत रहिवाशांच्या सहकारी संस्थेला आराखड्यापासूनच निर्णयाचा अधिकार असावा आणि देखभालीसाठी कायमस्वरूपी निधी असावा. तीन, गिरणी कामगारांची उरलेली घरे मुंबईतच व्हावीत. त्यासाठी सार्वजनिक जमीन शिल्लक नाही असे सांगणाऱ्या सरकारने आपल्या प्रत्येक खात्याकडील जमिनीची यादी जाहीर करावी.

२०१२ मध्ये दादरच्या इंदू मिलची संपूर्ण जमीन डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्याचा निर्णय केंद्र सरकारला घ्यावा लागला. कोणत्याही नियमावलीने तो घडवला नाही. संघटित जनतेच्या रेट्याने घडवला. तोच रेटा घरांच्या मागणीमागे उभा करणे, हे आता चळवळीचे काम आहे.