गस मॅक्रे : लेखकाचा हेतू आणि वाचकाचा लोभ

लॅरी मॅकमर्ट्री (१९३६–२०२१) यांच्या ‘लोनसम डव्ह’ या १९८५ च्या कादंबरीला १९८६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकी पश्चिमेच्या मिथकाला तडा द्यावा या हेतूने लिहिलेल्या कृतीतून वाचकांनी तेच मिथक उराशी धरले, अशी खंत मॅकमर्ट्रींनी पुढे व्यक्त केली. टेक्सासचे लेखक ग्रामीण भूतकाळाला चिकटून राहतात, असा आक्षेप त्यांनीच १९८१ मध्ये घेतला होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

या विपरीत स्वीकाराचे मूळ ऑगस्टस उर्फ गस मॅक्रे या व्यक्तिरेखेत आहे. रिओ ग्रांदेकाठच्या धुळकट वस्तीत हा माजी रेंजर ओसरीवर बसून व्हिस्की पितो. भागीदार वुड्रो कॉल राबत असतो आणि गस त्याची फिरकी घेत असतो. पहाटेची बिस्किटे मात्र तो स्वतः भाजतो. कंपनीच्या पाटीवर त्याने एक लॅटिन वचन घातले आहे. त्याचा अर्थ त्यालाही ठाऊक नाही!

अशा माणसावर वाचक लोभ करणारच. पण एकेकाळी गुरेचोरांचा पाठलाग करणारे हे रेंजर मोंटानाच्या मोहिमेसाठी नदीपलीकडून, मेक्सिकोतून, जनावरे चोरून आणतात. जुना सोबती जेक स्पून खुनी टोळीत सापडतो, तेव्हा त्याला फासावर देणाऱ्यांत गसही असतो. तेथे न्यायासन नाही, पंच नाहीत. मिथकाचा भंग म्हणतात तो या प्रसंगांत आहे. तो वाचकाला जाणवत नसेल, तर दोष केवळ वाचकाचा नव्हे. कादंबरीतील सारे वाक्चातुर्य लेखकाने गसच्याच पदरात टाकले. कॉलला दिले ते मौन. बोलक्या माणसाचे अपराध त्याच्या बोलण्याआड दडतात. १९८९ च्या दूरदर्शन-मालिकेत रॉबर्ट ड्युव्हाल यांनी गस साकारला आणि हा लोभ दुणावला, हे ओघानेच आले.

बाणांच्या जखमा चिघळल्यावर गसचा एक पाय कापला जातो. दुसरा कापू देण्यास तो नकार देतो आणि माइल्स सिटीत मरतो. आपला देह टेक्सासला न्यावा, ही त्याची अखेरची मागणी. तिचा आधार ऐतिहासिक आहे : १८६७ मध्ये मरण पावलेल्या ऑलिव्हर लव्हिंगचा देह चार्ल्स गुडनाइटने टेक्सासला परत आणला होता. समीक्षक या प्रवासात मैत्रीचे उदात्त रूप पाहतात. वस्तुतः पोरका गुराखी न्यूट हा आपला मुलगा आहे, हे कॉल त्याला शेवटपर्यंत सांगत नाही. त्याला मोंटानात मागे ठेवून तो मृत मित्राला दिलेला शब्द पाळावयास निघतो.