बैलगाडी १:१०

गेले सात महिने माझे शनिवार-रविवार कुठे जातात असं ऑफिसात कुणी विचारलं की मी सांगतो, "बैलगाडी बांधतोय." समोरचा आधी हसतो. मग मोबाईलवर फोटो दाखवला की म्हणतो, "अरे मस्त! आमच्या टीव्हीशेजारी पण आहे अशी, कुठल्याशा प्रदर्शनातून आणलेली."

इथे माझं डोकं सटकतं. आजचा सगळा मजकूर त्या सटकलेल्या डोक्यातून आलाय, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

मंडळी, ती टीव्हीशेजारची गाडी एकदा उलटी करून बघा. चाक म्हणजे प्लायवूडची एक चकती, त्यावर चिकटवलेले आरे. धाव म्हणजे काळ्या रंगाचा पट्टा. आख आरपार ठोकलेला, त्यामुळे चाक फिरतच नाही. त्या वस्तूला माझा विरोध नाही, लोकांनी घ्यावी, कारागिराला चार पैसे मिळतात. पण ती बैलगाडीची प्रतिकृती नाही. ते बैलगाडीचं चित्र आहे, फक्त थोडं जाड.

माझं सुरू झालं ते काकांच्या फोनवरून. आमचं गाव बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईकडे. वाड्याच्या मागे आबांची (म्हणजे माझ्या आजोबांची) गाडी वीसेक वर्षं नुसती उभी होती. ७२ चा दुष्काळ सरल्यावर आबांनी ती बांधून घेतलेली, अर्धे पैसे रोख आणि अर्ध्यांची ज्वारी. हायवेवरच्या एका रिसॉर्टला गेटसमोर ठेवायला गाडी हवी होती आणि काकांनी सौदा ठरवून टाकला होता. मी पुण्याहून फोनवर बरीच बडबड केली. काका शांतपणे म्हणाले, "तू घेऊन जा मग. नवव्या मजल्यावर चढव."

बरोबर होतं त्यांचं. गाडी वाचवणं माझ्या हातात नव्हतं, मोजणं होतं. दोन दिवस रजा टाकली, टेप आणि व्हर्निअर कॅलिपर घेऊन गेलो आणि गाडीखाली झोपून एकशे चाळीस मापं घेतली. तिसऱ्या दिवशी ट्रक आला.

पुण्यात येऊन मी अर्थातच आधी संगणकावर मॉडेल केलं. (इंजिनियर आहे हो, सवय जात नाही.) ऑफिसातल्या मित्राने सुचवलं, फाईल लेझर कटिंगला दे, दोन तासांत गाडी हातात. मोह झाला. पण विचार करा, चाकाचा घेर मुळात सहा तुकड्यांचा का असतो? एका फळीतून गोल का कापत नाहीत? कारण लाकूड धाग्यांच्या दिशेने मजबूत आणि आडवं दुबळं. एका फळीतून गोल कापला तर दोन बाजूंना धागे आडवे येतात आणि पहिल्या दगडावर चाक तिथेच तडकतं. म्हणून सहा वक्र तुकडे, प्रत्येकात दोन आरे, एकूण बारा आरे, मध्ये तुंबा. लेझरला यातलं काहीच कळत नाही. त्याला फक्त बाहेरची रेघ कळते.

म्हणून हाताने करायचं ठरवलं. प्रमाण १:१०. मूळ चाक १४० सेंटिमीटरचं, म्हणजे माझं १४ सेंटिमीटरचं. लाकूड मूळ गाडीचंच, कारण ट्रकवर चढवताना एक आरा मोडला होता तो मी पिशवीत घालून आणला होता. बाभळीचा पन्नास वर्षं वाळलेला आरा कापताना काय होतं सांगू? करवत गरम होते आणि करवत धरणारा पण. माझ्या गाडीचे दोन्ही तुंबे त्या एका आऱ्यातून निघाले.

पहिलं चाक जमायला पाच वीकेंड गेले. सांधे असे बसले की कागद जाणार नाही, वर फेविकॉल. फारच खूश होतो मी. ते घेऊन गावी गेलो आणि ज्यांनी मूळ गाडी बांधली त्या सुतारकाकांना दाखवलं. तेव्हा पंचविशीत होते, आता पंचाहत्तरी ओलांडलीय. त्यांनी चाक कानाजवळ नेलं, नखाने टिचकी मारली. 'बद्द' असा आवाज आला.

"चिटकवलंस व्हय?"

"हो काका."

"मग ही धाव आवळायची कुठं? फट कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. घेराचे सहा तुकडे बसवताना प्रत्येक सांध्यात काडेपेटीच्या काडीएवढी फट सोडायची. धाव, म्हणजे लोखंडी पट्ट्याचं कडं, मुद्दाम थोडं लहान करायचं. मग गोवऱ्यांच्या आगीत ते लाल होईस्तोवर तापवायचं, तीन-चार माणसांनी सांडशींनी उचलून चाकावर बसवायचं, घण मारायचे आणि लगेच पाणी. लोखंड आकसतं, सहाही फटी मिटतात, घेर आऱ्यांवर दाबला जातो, आरे तुंब्यात घुसतात आणि सगळं चाक एक होतं. मोठ्या चाकात ना खिळा, ना डिंक. म्हणजे मी जे सांधे घट्ट केले म्हणून मिरवत होतो तेच चुकलं होतं. फटी नसतील तर धावेने आवळायचं काय?

हे माझ्या एकशे चाळीस मापांत कुठेही नव्हतं. असणारच नाही! पूर्ण झालेल्या चाकात ती फट उरतच नाही. कितीही बारीक मोजा, जे मिटून गेलंय ते कॅलिपरला सापडत नाही.

घरी येऊन आकडेमोड केली. लोखंड दर अंशाला साधारण लाखात १.२ भाग वाढतं. घेर ४४० सेंटिमीटर, तापमान चारशे अंशांनी वाढवलं तर घेर जवळजवळ २.१ सेंटिमीटर वाढतो. सहा फटी, प्रत्येकी दोन मिलिमीटर, म्हणजे १.२ सेंटिमीटर. उरलेले नऊ मिलिमीटर कडं चाकावर सरकवायला. काडेपेटीची काडी कुठून आली ते कळलं आणि मी खुर्चीत मागे रेललो. या माणसाने प्रसरणाचा गुणांक आयुष्यात ऐकलेला नाही!

मग माझा नियम ठरला: मूळ गाडीत जिथे डिंक नाही तिथे माझ्याही गाडीत नाही. चाकात फेविकॉल बंद.

लहान चाकात हे करणं म्हणजे वेगळीच करामत आहे. वाढ त्याच प्रमाणात लहान होते, ती अडचण नाही. फट ०.२ मिलिमीटर, म्हणजे सांध्यात दोन कागद घालून बसवायचं आणि मग कागद काढायचे. खरी अडचण उष्णतेची. मूळ धाव बारा मिलिमीटर जाड, माझी १.२. पातळ पट्टी दसपट वेगाने निवते. लोहाराला जुळवून घ्यायला जो वेळ मिळतो त्याचा दहावा भाग माझ्याकडे, म्हणजे गॅसच्या शेगडीपासून ओट्यावरच्या चाकापर्यंत मोजून पाच सेकंद. चार धावा वाया गेल्या. एकदा चाकाने पेट घेतला आणि रूममेटने भांडी घासायचं पाणी त्यावर ओतलं. पाचव्या वेळी चर्रर्र झालं, वाफ गेली आणि मी चाक उचलून टिचकी मारली. 'टण्ण'. रात्री साडेअकराला मी ते चाक झोपलेल्या रूममेटच्या कानाशी वाजवलं. त्याने जे शब्द वापरले ते इथे देता येत नाहीत :-)

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रतिकृती दिसायला हुबेहूब असून भागत नाही, तिचे सांधे मूळ वस्तूसारखे कामाला लागले पाहिजेत. डिंक सगळं अज्ञान झाकून टाकतो. डिंक काढला की वस्तू प्रश्न विचारायला लागते. आणि त्या प्रश्नांची उत्तरं देणारी माणसं आत्ताच आहेत. आपल्याकडे एखादा सिनियर केटी न देता रिलीव्ह झाला की महिनाभर सगळे शिव्या घालतात. इथे एक अख्खं शास्त्र केटी न देता चाललंय आणि आपण त्याला गेटसमोर उभं करून सेल्फी काढतोय.

इंग्लंडमध्ये हे काम एका माणसाने करून ठेवलं. जॉर्ज स्टर्ट शाळामास्तर होता, १८८४ मध्ये फार्नहॅम गावातला घरचा गाडी-कारखाना त्याच्या गळ्यात पडला. कारागीर जे न बोलता करत होते त्याची कारणं तो शोधत राहिला आणि १९२३ मध्ये 'द व्हीलराइट्स शॉप' हे पुस्तक आलं. आपल्याकडे १९१५ चं आत्रे यांचं 'गाव-गाडा' आहे, थोर पुस्तक. पण सुताराचं गावगाड्यातलं स्थान सांगणं आणि फट किती सोडायची ते सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी.

आता दुसरी बाजू. माझ्या बाबांना हा सगळा उद्योग पसंत नाही. ते म्हणाले, "त्या गाडीतून उतरता यावं म्हणून तुला इंजिनियर केला, आणि तू परत तिच्याखालीच जाऊन झोपलास." मी हसण्यावारी नेलं, पण ते हसत नव्हते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी असते, बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. मी लहानपणी ते कौतुकाने बघायचो. बाबा म्हणाले, "खांदा का मळावा लागतो, ते विचारलंस कधी?" जू घासून घासून बैलाच्या मानेवर गाठ येते, कधी जखम चिघळते, आणि हंगाम थांबत नाही म्हणून त्याच मानेवर परत जू येतं. आयआयएम बंगलोरचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारावी म्हणून वर्षानुवर्षे मोहीम चालवली, त्यात जुवाने होणाऱ्या जखमांचा मुद्दा होताच. आज आमच्या भागातले ऊसतोड कामगार कारखान्याला जातात ते टायरगाड्या घेऊन. ओढायला हलकी, रस्त्यालाही बरी. लाकडी चाक गेलं ते काही कुणाच्या कटामुळे गेलं नाही.

म्हणून 'किती सुंदर होते ते दिवस' हे मला म्हणायचं नाही. बाबांच्या बोलण्याचा परिणाम असा झाला की मी जू परत केलं. आधीचं गुळगुळीत, पॉलिश केलेलं होतं, दिसायला फार छान. नवीन जुवाला खालून दोन खोलगट झिजलेल्या जागा आहेत, मूळ जुवावर होत्या तशाच, उजवीकडची जरा जास्त. आबा म्हणतात उजवा बैल ओढायचा, डावा कामचुकार होता. बैल मात्र करणार नाही. ते मला जमणार नाहीत आणि जुंपायची इच्छाही नाही.

गेल्या महिन्यात गाडी जवळजवळ पूर्ण झाली आणि आबांकडे नेली. त्यांनी ती मांडीवर घेतली. चाक फिरवलं, मग आखावर आतबाहेर हलवून पाहिलं. तेवढी ढील ठेवली होती मी, खडखडते. साटीवरून हात फिरवला. जू उलटं करून बघितलं आणि त्यावर काही बोलले नाहीत. मग गाडी उलटी धरून पोटाखाली काहीतरी शोधायला लागले.

"वंगणाचं नळकांडं कुठाय?"

ते मूळ गाडीवर कधीच हरवलेलं, त्यामुळे मी मोजलंच नव्हतं. आबांनी हाताने माप दाखवलं, वीतभर लांब बांबूचं पेर, एक बाजू बंद, आत एरंडेल आणि चिंध्या, साटीखाली दोरीने टांगलेलं. "ते नसलं तर गाडी गावाच्या बाहेर जात नसती," म्हणाले.

या शनिवारी तेवढंच काम आहे. दोन सेंटिमीटर लांब, सहा मिलिमीटर जाड, आतून पोकळ. पुण्यात इतका बारीक बांबू कुणाला कुठे दिसला तर जरूर सांगा.