दिवा विझला, दोष गेला का?

लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जालना एमआयडीसीत तुम्ही विजेच्या मोटारीतून चालला आहात. खड्ड्यात चाक आदळताच इशाऱ्याचा दिवा लागतो आणि क्षणात विझतो. "गेला एकदाचा!" असे आपण म्हणतो. माझ्या मते इथेच आपण चुकतो.

हिवतापाचा ताप एकाआड एक दिवस येतो. मधल्या दिवशीही परजीवी रक्तात असतातच. मोटारीचेही तसेच आहे. सैल जोडणी हादऱ्याने तुटते व पुन्हा जुळते. ओल शिरली की विद्युतरोधन घटते, सुकली की सुधारते. मोठ्या बॅटरीखेरीज बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची लहान बॅटरी असते. ती क्षीण झाली तर एकदम अनेक दिवे लागू शकतात.

मग काय करावे? लाल दिवा लागल्यास सुरक्षित जागी थांबावे. पिवळा लागल्यास लवकर तपासणी करावी. तारीख, वेळ, हवा, रस्ता वहीत टिपावे. दोषाचा संकेतांक बहुधा गाडीच्या स्मृतीत राहतो. तो वाचण्याआधी पुसू देऊ नये. नारिंगी तारांना मात्र हात लावू नका; त्यांत शेकडो व्होल्ट दाब असतो.

एकदाच दिसलेली गोष्टही निरीक्षणच असते. ती टिपून ठेवणे, हीच विज्ञानाची पहिली सवय नव्हे काय?