टाकीत मीठ घालण्याआधी

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारात फिरताना गोल्डफिश, गप्पी आणि एंजलच्या रांगांमध्ये एखादी निळ्या उजेडाची टाकी नजर खेचून घेते. आत केशरी-पांढरे क्लाउनफिश आणि प्रवाहाबरोबर हलणारे मऊ प्रवाळ. गोड्या पाण्याची टाकी काही वर्षे नीट सांभाळलेल्या माणसाला तिथे वाटतेच, की आता पुढची पायरी हीच. दुकानदार म्हणतो, अगदी सोपे आहे. निसर्गप्रेमी मित्र म्हणतो, प्रवाळ समुद्रातच राहू दे. या दोन उत्तरांच्या मध्ये बरेच काही आहे. ते सगळे आधी समोर मांडायला हवे, कारण निर्णय आपण घेतो आणि त्याची किंमत दुसरा जीव मोजतो.

सुरुवात पाण्यापासून. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरच्या टाकीला सात-आठ किलो मीठ लागते, तेही स्वयंपाकाचे नव्हे, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे मोजून मिसळलेले. ते नळाच्या पाण्यात कालवता येत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, त्यातले फॉस्फेट आणि सिलिकेट शेवाळाला पोसतात आणि तांब्याचा बारीकसा अंशही कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना विषासारखा बाधतो. म्हणून आरओ-डीआयचे यंत्र आले. त्यातून लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर, कधी त्याहूनही जास्त, वाया जाते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायटीत हे पाणी गटारात सोडणे बरे नव्हे. फरशीला, संडासाला, गाडी धुवायला ते वापरलेच पाहिजे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला वाटते, समुद्र दारातच आहे, कळशीभर आणले की झाले. पण मुंबईच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, आणि रत्नागिरी-मालवणकडे पाणी स्वच्छ असले तरी पावसाळ्यात नद्यांच्या पुराने त्याची क्षारता घसरते. नवख्या माणसाने पाणी घरीच कालवावे.

त्यानंतर येते ते वाट पाहणे, आणि बहुतेक पहिल्या टाक्या इथेच बिघडतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन घातक, तिसरे त्या मानाने सौम्य. या जिवाणूंची वस्ती खडकाच्या छिद्रांत आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्याच्या मुरलेल्या टाकीतला खडकाचा तुकडा मिळाला तर तो विरजणासारखे काम करतो, तरीही दही एका रात्रीत लागत नाही. या काळात टाकीत फक्त खडक, पाणी आणि पंपाचा आवाज असतो. घरातली मुले विचारत राहतात, मासे कधी येणार? शोभेच्या वस्तूच्या मागे लागलेल्या माणसाला हा महिना-दीड महिना रिकामा वाटतो. ज्याला त्या काळात रोज चाचणीच्या नळीतला रंग पाहण्यात रस वाटतो, तो हा छंद करू शकेल असे मी म्हणेन. पात्रतेची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

आता आपल्या हवेचा प्रश्न. परदेशी पुस्तके आधी हीटर घ्यायला सांगतात. आपल्याकडे अडचण उलटी आहे. प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. मुंबईत मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात खोलीचेच तापमान तीस-बत्तीसवर असते. दिवे आणि पंप त्यात आणखी भर घालतात. पुण्यात किंवा नाशिकला कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत पंख्याची ही युक्ती लंगडी पडते आणि चिलर घ्यावाच लागतो. २०० लिटरच्या टाकीचे दिवे, पंप, पाण्यातला मळ काढणारा स्किमर आणि दिवसातले निम्मे तास चालणारा चिलर धरला, तर रोज पाच-सहा युनिट वीज सहज जाते. महिन्याला दीडशेच्या पुढे, म्हणजे मध्यमवर्गीय घराचे बिल वरच्या टप्प्यात. शिवाय वीज गेली की पाण्याची हालचाल थांबते आणि काही तासांत प्राणवायू कमी पडू लागतो. तालुक्याच्या गावी, जिथे लोडशेडिंग अजून अंगवळणी पडलेले आहे, तिथे निदान पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकरपुरती बॅटरी नसेल तर टाकी लावूच नये. पाणी, खडक, काच आणि स्टँड मिळून वजन तीनशे किलोच्या घरात जाते, हेही जुन्या चाळीतल्या किंवा मोडकळीला आलेल्या इमारतीतल्या माणसाने आधी पाहावे.

हे सगळे पैशाने आणि शिस्तीने सुटते. प्राणी कुठून येतात हा प्रश्न तसा सुटत नाही.

गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातले बहुतेक आजही समुद्रातून पकडले जातात. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून सायनाइडची पिचकारी मारून मासे पकडण्याची पद्धत पसरली. पुढे ती इंडोनेशियातही गेली. मासा गुंगतो, खडकाच्या भेगेतून अलगद काढता येतो, दुकानात धडधाकट दिसतो आणि काही आठवड्यांनी कारण न कळता मरतो. ज्या प्रवाळावर ती पिचकारी पडली, ते तर आधीच मेलेले असते. तिथे ही पद्धत बेकायदा आहे, पण ती संपलेली नाही. पकडलेला मासा मुंबईच्या दुकानात पोचेपर्यंत पिशव्या आणि विमाने किती बदलतो, हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

या हौसेचे जुने उदाहरण इंग्लंडचे आहे. निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये सागरी मत्स्यालयावर पुस्तक लिहिले आणि घरोघर समुद्राच्या पेट्या ठेवण्याची लाट आली. लोक किनाऱ्यावरच्या खडकांतली डबकी धुंडाळू लागले. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये वडिलांच्या आठवणी लिहिताना त्या लाटेत उजाड झालेल्या किनाऱ्याबद्दल तीव्र दुःख व्यक्त केले. समुद्रावर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाच्या पुस्तकातून हे घडले, म्हणून ते मला जास्त बोचते.

तरीही 'सगळेच बंद करा' म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. इंडोनेशियातल्या किंवा फिलिपिन्समधल्या बेटावर जाळ्याने जपून मासे पकडणाऱ्या कोळ्याला जिवंत माशाचे जे मोल मिळते, ते खाण्याच्या माशाला मिळत नाही. ती कमाई आहे तोवर खडक जिवंत ठेवण्यात त्याचा स्वार्थ असतो. ती थांबली, तर तो खडकावर स्फोटके टाकणाऱ्यांत सामील होणार नाही याची हमी मुंबईतला ग्राहक देऊ शकत नाही. पण या युक्तिवादाला एक अट आहे: मासा खरोखर जाळ्यानेच पकडलेला हवा. ते तपासण्याची सोय आपल्या बाजारात आज नाही, आणि ती नसेल तर कोळ्याचे नाव पुढे करून खरेदी करणे प्रामाणिकपणाचे नाही.

पैदास केलेल्या माशांचे चित्र वेगळे आहे. क्लाउनफिश टाकीत अंडी घालतात. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांच्या पैदाशीचे काम उभे राहिले. बांगाई कार्डिनल हा मासा मूळचा सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांपुरताच. नर पिल्ले तोंडात वाढवतो. शोभेच्या बाजाराने त्याला इतका उपसला, की तो संकटग्रस्त ठरला. पण टाकीत त्याची पैदास सहज होते. याउलट, २००३च्या 'फाइंडिंग निमो' या गाजलेल्या चित्रपटानंतर मुले ज्या निळ्या 'डोरी'चा हट्ट धरतात, त्या ब्लू टँगची बंदिस्त पैदास फ्लोरिडात २०१६ मध्ये प्रथम साधली असली, तरी बाजारात येणारे बहुतेक मासे समुद्रातलेच. शिवाय तो तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. घरातल्या तीन फुटी टाकीत तो आयुष्यभर भिंतीवर आपटत राहतो. मुलांना हे सांगणे कठीण असते, पण सांगावे.

प्रवाळांच्या बाबतीत कायदाही मध्ये येतो, आणि दुकानात याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दगडी सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले. त्याच परिशिष्टात वाघ आहे. मालवणच्या, लक्षद्वीपच्या किंवा मन्नारच्या आखातातल्या प्रवाळाचा तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे, मग तो किनाऱ्यावर पडलेला का असेना. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ छोट्या प्रवाळवसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा त्यासाठी परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांची मदत घ्यावी लागली. परदेशी दगडी प्रवाळ आणि जिवंत खडक, म्हणजे जिवाणू व बारीक जीव वसलेला समुद्रातला खडक, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात येतात. त्यांना आयातीची कागदपत्रे लागतात, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी मालकावरही बंधनकारक झाली. 'पावती नाही, पण माल पक्का' असे सांगणाऱ्या दुकानातून काहीही घेऊ नये. प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

एक धोका घरच्यांसाठीही आहे. झोआंथिड नावाचे रंगीत, बटणांसारखे दिसणारे जीव नवख्यांना फार आवडतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. असा खडक उकळत्या पाण्यात घालून साफ करताना वाफेने घरातली माणसे आजारी पडल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्यांना हात लावू नये, आणि खडक कधीही उकळू नये.

मग घरात प्रवाळ ठेवण्याच्या बाजूने बोलावे तरी काय? माझ्या लेखी मोठी गोष्ट ज्ञानाची आहे. १९६१ मध्ये जाकार्तातल्या ली चिन एंग यांनी जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली, तेव्हा प्रवाळ घरात जगू शकते यावर कोणाचा फारसा विश्वास नव्हता. त्यानंतर प्रकाश, प्रवाह आणि क्षारता यांबद्दलची कितीतरी माहिती हौशी लोकांनी जमवली. फ्लोरिडातल्या मोट प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन यांच्या हातून टाकीतल्या प्रवाळाचे बारीक तुकडे पडले आणि ते नेहमीपेक्षा झपाट्याने वाढताना दिसले. त्यातून खडक पुन्हा वसवण्याची पद्धत निघाली. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी चंद्राच्या कलांचे आणि ऋतूंचे वेळापत्रक दिव्यांनी उभे करून प्रवाळांना टाकीत अंडी सोडायला लावले. २०२४ मध्ये जगभर चौथ्यांदा प्रवाळ पांढरे पडण्याची लाट जाहीर झाली, आणि त्या उन्हाळ्यात लक्षद्वीपचेही खडक पांढरे पडले. अशा काळात जिवंत प्रवाळ सांभाळता येणारे हात जगात जितके जास्त, तितके चांगले, असे मला मनापासून वाटते. दिवाणखान्यातली टाकी ही प्रयोगशाळा नव्हे, हे खरे. पण अर्ध्या अंशाच्या फरकाने मिटून जाणारा जीव रोज डोळ्यांसमोर असेल, तर समुद्राच्या तापमानवाढीची बातमी वाचताना माणूस पान उलटत नाही.

या सगळ्याचे वजन करून मी नवख्याला 'करा' म्हणेन, पण लहान टप्प्यात. पहिले वर्ष खडक, कागदपत्रांसह आलेले मऊ प्रवाळ आणि पैदास केलेली क्लाउनफिशची एक जोडी, एवढ्यावर काढावे. मऊ प्रवाळांना दगडी प्रवाळांसारखा रोज कॅल्शियम आणि अल्कतेचा (अल्कलिनिटीचा) डोस लागत नाही, छोट्या चुका ते सोसतात. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. उडून गेलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करावी, कारण मीठ उडत नाही. क्लाउनफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. दोन वर्षांत बदली, परदेशी शिक्षण किंवा घर बदलणे ठरलेले असेल, तर आज सुरुवात करू नये. आणि कंटाळा आला म्हणून मासे खाडीत सोडणे कोणत्याही परिस्थितीत नको. अटलांटिकमध्ये लायनफिशचा उपद्रव बहुधा असाच टाक्यांतून सुटलेल्या माशांपासून सुरू झाला.

उरते ते बाजाराचे आणि सरकारचे काम. प्रत्येक टाकीवर मासा पैदास केलेला की पकडलेला, कोणत्या देशातला, हे मराठीत लिहिण्याची सक्ती व्हावी. कोणते प्रवाळ ठेवता येते आणि कोणते नाही, याचे साधे पत्रक वन आणि मत्स्यव्यवसाय विभागांनी मिळून काढावे. आज ते शोधायला वकील लागतो. आणि ऐरोलीसारख्या ठिकाणी वाढवलेले क्लाउनफिश मुंबई-पुण्याच्या दुकानांत पावतीसह नियमित मिळू लागावेत, म्हणजे पहिली टाकी लावणाऱ्याला समुद्रातून पकडलेला मासा घेण्याची गरज उरणार नाही.